सैन्यात जायचं नाही म्हणून मास्तर झाला आणि डिक्शनरीतला उलटा 'ई' जगाला देऊन गेला

इंग्रजीची जाडजूड डिक्शनरी उघडली की प्रत्येक शब्दापुढे दोन तिरक्या रेघांमध्ये काहीतरी विचित्र लिहिलेलं असतं. एक 'ई' उलटा पडलेला. एक 'एस' वर-खाली ताणून लांब केलेला. मध्येच ग्रीक थीटा, जो गणिताच्या पुस्तकातून वाट चुकून आल्यासारखा वाटतो. शंभरातले नव्व्याण्णव जण ती ओळ सोडून सरळ अर्थावर उडी मारतात. एमए इंग्लिशला असणाऱ्यांना ती परीक्षेपुरती पाठ करावी लागते, आणि ते लोक त्या चिन्हांना काय काय नावं ठेवतात ते इथे न लिहिलेलं बरं.

पण ही चिन्हं एमएच्या पोरांना छळायला बनलेली नव्हती. ती बनली होती शाळेतल्या लहान मुलांसाठी. बनवणाऱ्यांचा म्होरक्या होता पॅरिसचा एक इंग्रजीचा मास्तर. आणि तो मास्तर का झाला, तर त्याला बंदूक हातात घ्यायची नव्हती.

त्याचं नाव पॉल पासी.

पॉलचा जन्म १३ जानेवारी १८५९ चा, फ्रान्समधल्या व्हर्सायचा. त्याचे वडील फ्रेडरिक पासी म्हणजे त्या काळातलं मोठं प्रस्थ. अर्थशास्त्रज्ञ, पुढे खासदार, आणि युद्धाला विरोध करणं हे तर त्यांचं आयुष्यभराचं काम. १८६७ मध्ये त्यांनी शांततेसाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना काढली होती. १९०१ मध्ये शांततेचं पहिलंवहिलं नोबेल देण्यात आलं तेव्हा ते दोघांत वाटून दिलं गेलं. एक रेडक्रॉसचे हेन्री द्युनां आणि दुसरे हे फ्रेडरिक पासी.

अशा घरातलं पोरगं. त्याचं सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं आणि लहानपणीच तो फ्रेंचसोबत इंग्रजी, जर्मन आणि इटालियन शिकला. पुस्तकातून नाही, ऐकून आणि बोलून. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा राडा इथूनच सुरू होतो.

पॉल ११ वर्षांचा असताना फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. फ्रान्स हरला. आणि जानेवारी १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा कुठे झाली, तर पॉल ज्या गावात जन्मला त्या व्हर्सायच्या राजवाड्यात. त्यानंतर फ्रान्समध्ये एक आख्खी पिढी बदल्याची भाषा ऐकत मोठी झाली. तरुणांना सैन्यात जाणं भाग होतं.

पण कायद्यात एक पळवाट होती. जो तरुण दहा वर्षं सरकारी शाळेत शिकवण्याचा करार करेल, त्याला सैन्यातून सूट. पॉलने विचार न करता ती वाट धरली. उच्च शिक्षणात तो संस्कृत आणि गॉथिक अशा जुन्या भाषांमध्ये मुरलेला होता. एवढा शिकलेला माणूस मग शाळेतल्या पोरांना इंग्रजी शिकवायला उभा राहिला.

आणि तिथे त्याला कळलं की शाळेत भाषा शिकवतात, पण बोलायला कुणी शिकवतच नाही.

तेव्हाची पद्धत अशी होती की परकी भाषासुद्धा लॅटिनसारखी शिकवायची. म्हणजे व्याकरणाचे नियम पाठ करा, शब्दांच्या याद्या घोका, वाक्यांचं भाषांतर करा. सात-आठ वर्षं इंग्रजी शिकून पोरगं लंडनला गेलं तर त्याला चहासुद्धा मागता यायचा नाही. (ओळखीचं वाटलं ना? चालू द्या.)

त्यात इंग्रजीचं स्पेलिंग म्हणजे आनंदीआनंद. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं एका शब्दात 'टफ' होतात, दुसऱ्यात 'थ्रू', तिसऱ्यात 'दो' आणि चौथ्यात 'कॉफ'. फ्रेंच पोराने ते पाहून काय उच्चार करायचा? तो बिचारा आपल्या फ्रेंचच्या सवयीने वाचणार. फ्रेंचमध्ये इंग्रजीतल्या 'धिस'चा तो जिभेची टोकं दातांत धरून काढायचा आवाजच नाही, म्हणून तो 'झिस' म्हणणार. फ्रेंचमध्ये ऱ्हस्व-दीर्घ 'इ'चा तसा फरक नाही, म्हणून 'शिप' आणि 'शीप' त्याला एकच वाटणार. आपल्याकडे मराठी माध्यमाच्या पोरांना व्हेस्ट आणि वेस्ट, म्हणजे बनियन आणि पश्चिम, या दोन्हीतला 'व' सारखाच वाटतो, तसंच.

बरं, फ्रेंच तरी साधी होती का? फ्रेंचमध्ये पाण्याला म्हणतात 'ओ'. लिहितात ई, ए आणि यू अशा तीन अक्षरांनी, आणि त्यातल्या एकाही अक्षराचा सुटा उच्चार 'ओ' नाही. पक्ष्यांना म्हणतात 'वाझो', त्यात सात अक्षरं. हिरवा, काच, किडा आणि 'च्या दिशेने' हे चार वेगळे शब्द, चारांचं स्पेलिंग वेगळं आणि उच्चार चारांचा एकच, 'वेर'. मास्तर शुद्धलेखन घालायचे आणि पोरं रडायची.

हे दिवस फ्रान्ससाठी महत्त्वाचे होते. १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण फुकट आणि सक्तीचं केलं होतं. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी पुस्तक धरलं नव्हतं अशा शेतकऱ्या-मजुरांची पोरं पहिल्यांदा बाकावर येऊन बसत होती. त्यांची शाळेतली मोलाची वर्षं स्पेलिंगच्या जाचात जात होती.

पासीचं म्हणणं साधं होतं. एक आवाज, एक चिन्ह. मुलाला आधी तोंडाने बोलायला शिकवा. मग ते जे बोलतंय ते अशा चिन्हांत लिहून दाखवा की पाहिलं की उच्चार कळलाच पाहिजे, शंकेला जागाच नको. त्याला वाचनाची गोडी लागली, आवाज जिभेवर पक्के बसले, की मग हळूच नेहमीचं स्पेलिंग हातात द्या. परकी भाषा शिकणाऱ्या मुलांसाठी हे हवंच, पण स्वतःची फ्रेंच वाचायला शिकणाऱ्या चिमुरड्यांसाठीही हवं, यावर तो ठाम होता.

आता मराठी माणूस म्हणेल, यात नवीन काय? आमची देवनागरी तशीच तर आहे. क म्हणजे क, प म्हणजे प. आणि हे बऱ्यापैकी खरं आहे. आपली वर्णमाला घशापासून सुरू होऊन ओठांपर्यंत येते. क-वर्ग कंठातला, मग तालू, मूर्धा, दात आणि शेवटी प-वर्ग ओठांचा. आवाज तोंडात कुठे तयार होतो यावरून अक्षरं लावायची ही कल्पना आपल्याकडच्या वैयाकरणांनी अडीच हजार वर्षांपूर्वी पक्की केलेली. एकोणिसाव्या शतकात युरोपातले भाषापंडित संस्कृत शिकले तेव्हा उच्चारशास्त्रातलं बरंच काही त्यांनी तिथून उचललं. पासीने तर स्वतः संस्कृतचा अभ्यास केलेला होता. आज जगभर चालणारा ध्वनिचिन्हांचा तक्ता पाहिला तर त्यातही व्यंजनं जागेनुसारच लावलेली आहेत, फक्त उलट्या बाजूने, ओठांपासून घशाकडे.

तरी देवनागरीतही गोम आहेच. 'हे जग' मधला ज आणि 'जगणं' मधला ज एकच आहे का? 'चार' आणि 'चाक' मधला च? मराठी पोराला कुणी शिकवावं लागत नाही, पण बाहेरून मराठी शिकायला आलेला माणूस इथे हमखास आपटतो. कारण अक्षर एक आणि आवाज दोन. उलट इंग्रजीतले 'बॅट' आणि 'बॉल' लिहायची वेळ आली तेव्हा आपण अर्धचंद्र काढला. नवा आवाज आला, नवं चिन्ह दिलं. पासीला नेमकं हेच करायचं होतं, पण सगळ्या भाषांसाठी.

१८८६ मध्ये पॅरिसमध्ये इंग्रजीच्या मोजक्या शिक्षकांना घेऊन त्याने एक संघटना काढली. नाव ठेवलं 'द फोनेटिक टीचर्स असोसिएशन', म्हणजे उच्चारानुसार शिकवणाऱ्या शिक्षकांची संघटना. आणि हे नावसुद्धा त्यांनी रीतसर स्पेलिंगमध्ये न लिहिता स्वतःच्या उच्चारी स्पेलिंगमध्ये लिहिलं. ते पाहून कुणालाही वाटावं की एखाद्या पहिलीतल्या पोराने लिहिलंय. त्याच वर्षी मे महिन्यात संघटनेचं छोटंसं मासिकही सुरू झालं, तेही उच्चारी लिपीतच.

सुरुवातीची चिन्हं त्यांची स्वतःची नव्हती. इंग्लंडमध्ये शॉर्टहँडवाले आयझॅक पिटमन, अलेक्झांडर एलिस आणि हेन्री स्वीट या लोकांनी आधीच बरीच खटपट केलेली होती. यातला हेन्री स्वीट म्हणजे कोण, तर बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातला प्राध्यापक हिगिन्स ज्याच्यावरून थोडाफार बेतला तो माणूस. म्हणजेच पुलंच्या 'ती फुलराणी'तल्या उच्चारवेड्या प्राध्यापकाचा मूळ पुरुष. स्वीटने रोमन अक्षरांवर बेतलेली एक पद्धत काढली होती, पासीच्या मंडळींनी तिचा पाया घेतला.

पण एक घोळ झाला. प्रत्येक भाषेसाठी चिन्हांचा अर्थ वेगळा ठेवला गेला. 'श' हा आवाज इंग्रजीत लिहायचा तर 'सी' वापरायचा आणि फ्रेंचमध्ये लिहायचा तर 'एक्स'. म्हणजे स्पेलिंगच्या भानगडीतून सुटायला निघालेली माणसं पुन्हा त्याच भानगडीत.

याच दरम्यान डेन्मार्कमधून पासीला एक पत्र आलं. लिहिणारा होता ऑटो येस्पर्सन, विशीतला पोरगा, जो पुढे इंग्रजी व्याकरणाचा जगप्रसिद्ध पंडित झाला. त्याची सूचना अशी की प्रत्येक भाषेला वेगळी लिपी कशाला, सगळ्या भाषांना मिळून एकच उच्चारलिपी करूया. 'श' हा आवाज कुठल्याही भाषेत आला तरी चिन्ह तेच.

पासीला हे पटलं. मासिकातून देशोदेशीच्या सभासदांची मतं आली, वादावादी झाली, आणि १८८८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या अंकात पहिली आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी छापून आली. सोबत नियमही होते. शक्य तिथे रोमन अक्षरंच वापरायची. अर्थ बदलणारा प्रत्येक आवाज वेगळ्या अक्षराचा मानकरी. आणि चिन्ह दिसायला साधं, शिकायला सोपं हवं.

उलट्या 'ई'सारख्या अक्षरांची एक गंमत आहे. छापखान्यात तेव्हा शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावायचे. नवं चिन्ह हवं म्हणजे नवा खिळा ओतून घ्या, खर्च करा. त्यापेक्षा असलेलाच 'ई'चा खिळा उलटा बसवला की काम भागलं. अशी उलटी, आडवी, पालथी अक्षरं या लिपीत पुष्कळ आहेत.

या संघटनेकडे जरा बाहेरून बघा. सगळी धावपळ करणारा सचिव फ्रेंच. बराच काळ अध्यक्ष असलेले विल्हेल्म फिएटर जर्मन, ज्यांनी १८८२ मध्ये भाषा शिकवण्याची सगळी पद्धतच उलटी फिरवा अशी मागणी करणारी पुस्तिका लिहून जर्मनीत खळबळ उडवली होती. शेजारी बदल्याच्या गोष्टी चालू असताना ही माणसं 'र'साठी कुठलं चिन्ह घ्यायचं यावर एकमेकांना पत्रं लिहीत होती.

१८८९ पासून मासिकाचं नाव झालं 'ल मेत्र फोनेतिक'. अर्थ तोच, उच्चार शिकवणारा मास्तर. लेख छापायचे ते ध्वनिचिन्हांत, त्यामुळे लिहिणारा माणूस कसा बोलतो तेही कळायचं. पासी स्वतःही फ्रेंच लिहायचा ती लोक खरोखर बोलतात तशी, अक्षरं खाऊन, शब्द जोडून. १८८६ च्या 'ल फ्रांसे पार्ले' या पुस्तकात त्याने परदेशी विद्यार्थ्यांसाठी हेच केलं होतं. शुद्ध भाषेचा आग्रह धरणाऱ्यांना हे कसं रुचावं? पण पासीचं गणित सरळ होतं. पोराला रस्त्यावरच्या माणसाचं बोलणं कळलं पाहिजे.

१८९४ पासून तो पॅरिसच्या 'एकोल दे होत्झ एत्यूद' या नामांकित संस्थेत ध्वनिशास्त्र शिकवू लागला. १८९७ मध्ये हेरमान मिखाएलिससोबत त्याने फ्रेंचचा उच्चारकोश काढला. त्याच वर्षी संघटनेचं नाव बदलून 'आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना' झालं. नाव भारदस्त झालं खरं, पण त्यातला 'शिक्षक' हा शब्द मात्र गळून पडला.

१९०५ मध्ये त्याच्याकडे एक इंग्रज पोरगा शिकायला आला. केंब्रिजमधून गणित केलेला, वडिलांच्या इच्छेखातर वकिली शिकणारा. पासीकडे वर्षभर राहिल्यावर वकिलीत त्याचं मन लागेना. त्याचं नाव डॅनियल जोन्स. पुढे त्याने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ध्वनिशास्त्राचा विभाग उभा केला आणि १९१७ मध्ये इंग्रजीचा जो उच्चारकोश काढला त्याच्या नव्या आवृत्त्या आपल्या काळातही निघत राहिल्या. १९११ मध्ये त्याने लग्न केलं तेही पासीच्या भाचीशी. म्हणजे गुरू मामेसासरा झाला.

या जोन्सच्या वर्गातला एक प्रसंग पासीच्या कल्पनेची ताकद दाखवतो. दक्षिण आफ्रिकेचा सॉल प्लाट्ये हा काळा पत्रकार आणि नेता तेव्हा लंडनमध्ये आपल्या लोकांच्या जमिनी वाचवण्यासाठी झगडत होता. त्याची मातृभाषा सेत्स्वाना. जोन्सने त्याच्याकडून वाक्यं ऐकून फळ्यावर ध्वनिचिन्हांत लिहिली, आणि समोर बसलेल्या इंग्रज बायकांनी, ज्यांना त्या भाषेचा गंधही नव्हता, ती घडाघडा वाचून दाखवली. आपलीच माणसं बोलतायत असं प्लाट्येला वाटलं. तोही ही चिन्हं शिकला, आणि १९१६ मध्ये दोघांनी मिळून सेत्स्वानाचं वाचनपुस्तक काढलं. (हाच जोन्स १९४२ मध्ये भारतीय भाषांसाठी रोमनवर आधारित एकच लिपी करा असंही सुचवून मोकळा झाला. आपल्याकडे ते कुणी मनावर घेतलं नाही.)

इकडे पासी फक्त चिन्हांत अडकलेला नव्हता. तो कट्टर ख्रिस्ती होता आणि तितकाच कट्टर समाजवादी. बायबल नीट वाचलं तर श्रीमंतांनी जमिनी दाबून बसणं त्यात बसत नाही, अशी त्याची धारणा. त्याने ख्रिस्ती समाजवाद्यांची संघटना काढली आणि ओब प्रांतात फोंतेत गावाजवळ एक वसाहत वसवली. जमीन सगळ्यांची, कसणारा तिचा मालक नाही, फक्त वापरणारा. नाव ठेवलं 'लिएफ्रा'. स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन फ्रेंच शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून बनवलेलं.

आणि मग आलं १९१३. जर्मनीशी युद्ध होणार हे दिसत होतं. सरकारने सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांवरून तीन वर्षं करायचा कायदा आणला. पासी उघडपणे विरोधात उतरला. तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता, त्याला स्वतःला कुणी सैन्यात नेणार नव्हतं. गप्प बसला असता तर खुर्ची शाबूत होती. पण बसला नाही, आणि प्राध्यापकाची जागा गेली.

वर्षभरात महायुद्ध पेटलं. १९१४ मध्ये त्याच्या संघटनेचे ४० देशांत मिळून १,७५१ सभासद होते. तो आकडा तिचं शिखर ठरला. सभासद एकमेकांचे शत्रू झाले, मासिक बंद पडलं आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बंदच राहिलं. पासीला काही वर्षांनी त्याची नोकरी परत मिळाली. संघटना पुन्हा उभी राहिली, पण तिचा कारभार हळूहळू पॅरिसहून लंडनला, जोन्सकडे गेला. पासी २१ मार्च १९४० ला वारला. तीनच महिन्यांत जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या.

त्याच्या स्वप्नाचं काय झालं? अर्धं फळलं. परकी भाषा शिकणाऱ्यांपर्यंत ही चिन्हं पोहोचली. डिक्शनऱ्यांत आली, शिक्षकांच्या प्रशिक्षणात आली. चीनमध्ये तर इंग्रजी शिकणाऱ्या शाळकरी पोरांच्या पुस्तकांत ती असतात. भाषा मरायच्या आत नोंदवून ठेवणाऱ्यांना तर याशिवाय पर्यायच नाही.

उरलेलं अर्धं, म्हणजे लहान मुलांना स्वतःची भाषा या वाटेने वाचायला शिकवणं, ते मात्र राहूनच गेलं. अडचण नेहमी एकाच ठिकाणी आली. पोरगं चिन्हांत भराभर वाचायला लागेल, पण खऱ्या स्पेलिंगकडे वळताना त्याचा गोंधळ झाला तर? १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये आयझॅक पिटमनच्या नातवाने, जेम्स पिटमनने, ४४ अक्षरांची वेगळी उच्चारी वर्णमाला शाळांत आणून पाहिली. बरीच मुलं तिच्यातून वाचायला शिकली. पण नेहमीच्या इंग्रजीकडे वळताना अनेकांची दमछाक झाली आणि प्रयोग ओसरला. त्या वर्गांतले काही जण आज साठी ओलांडून गेलेत आणि आपलं स्पेलिंग कायमचं बिघडलं त्याचं खापर त्या वर्णमालेवर फोडतात.

'ल मेत्र फोनेतिक' पासीच्या मृत्यूनंतरही तीस वर्षं ध्वनिचिन्हांतच छापलं जात होतं. १९७० च्या अंकानंतर ते थांबलं. १९७१ पासून त्याचं नाव बदललं, आणि ध्वनिशास्त्राचं हे सगळ्यात जुनं नियतकालिक आता पासीचा ज्याच्यावर राग होता त्या नेहमीच्या स्पेलिंगमध्येच निघतं.